बिनपगारी कारभाराची घटना

राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात गेलेल्या माणसास नियमावल्यांचे अप्रूप राहत नाही. सेवाशर्ती, वित्तीय नियम, कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिका या साऱ्यांचा गाभा एकच असतो : कोणते काम कोणी केलेच पाहिजे, आणि न केल्यास त्याचे काय होईल. त्यामुळे एका संस्थेच्या घटनेतील आरंभीच्याच एका कलमापाशी आम्ही थबकलो. त्या कलमाचा आशय असा की, या घटनेतील कोणत्याही तरतुदीने कोणावरही संस्थेचे काम करण्याचे बंधन येत नाही. सोपविलेले काम ज्यास करावयाचे नसेल त्याने ते करण्याचे कारण नाही. मात्र रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात त्याने खटपटी करू नयेत. डिसेंबर १९९८ मध्ये ही घटना मंजूर झाली. पुढे तीत अनेक दुरुस्त्या झाल्या, परंतु हे कलम आजही जागेवर आहे.

संस्थेचे नाव डेबियन. तिला मुख्यालय नाही, पगारी सेवकवर्ग नाही आणि कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वही नाही. तिचा निधी व मालमत्ता 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही १९९७ साली न्यूयॉर्क राज्यात नोंदविलेली संस्था आणि अन्य काही देशांतील तशाच संस्था विश्वस्ताच्या नात्याने सांभाळतात. तिचे सुमारे हजारभर सभासद नाना देशांत विखुरलेले आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी एकमेकांस कधी पाहिलेलेही नाही. तरीही तीस वर्षांहून अधिक काळ ही मंडळी संगणकाची एक संपूर्ण संचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सिद्ध करून जगास विनामूल्य देत आली आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील डझनावारी लॅपटॉप संगणकांवर हीच प्रणाली बसविण्याचा निर्णय २०१३ साली जाहीर झाला, एवढे सांगितले म्हणजे तिच्या दर्जाविषयी निराळे सांगावयास नको.

ज्या कामास सक्ती नाही, वेतन नाही आणि डोक्यावर वरिष्ठही नाही, ते काम तीन दशके टिकते कसे, हा या लेखाचा विषय. वाचनालये, वाङ्मय मंडळे आणि उत्सव यांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड करून चालविणाऱ्या आपल्या घराण्यांस तो परका वाटू नये.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. संगणकाला काम सांगणारी आज्ञावली दोन रूपांत असते. एक, माणसाने लिहिलेली आणि माणसास वाचता येणारी मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड. दुसरे, तिच्यावरून यंत्रासाठी तयार केलेले रूप, जे यंत्रास कळते पण माणसास वाचता येत नाही. व्यापारी कंपन्या बहुधा दुसरे रूप विकतात आणि पहिले कुलुपात ठेवतात. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रथेस विरोध म्हणून ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वाचण्याचा, तीत बदल करण्याचा आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याचा हक्क वापरणाऱ्यास असावा, ही त्यांची भूमिका होती. १९८९ साली त्यांनी सिद्ध केलेल्या सार्वजनिक परवान्याने त्या हक्कास कायद्याचे बळ मिळाले. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हल्ड्स यांनी आपण एका संचालन प्रणालीचा गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले. तोच लिनक्स.

परंतु गाभा आणि सुटी अवजारे हाती आली म्हणजे वापरण्याजोगी प्रणाली झाली, असे होत नाही. शेकडो ठिकाणी शेकडो लोकांनी लिहिलेले भाग गोळा करावे लागतात, ते परस्परांशी जुळवावे लागतात, मुळात दुरुस्ती झाली की आपली प्रतही दुरुस्त करावी लागते. या कामास वितरण म्हणतात. १९९३ च्या सुमारास एसएलएस नावाचे एक वितरण बरेच प्रचारात होते आणि त्यात दोषही बरेच होते. त्यास कंटाळून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचे वीस वर्षांचे विद्यार्थी इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी नवे वितरण रचण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांची त्या वेळची मैत्रीण, पुढे पत्नी झालेली डेब्रा हिचे नाव आणि स्वतःचे नाव जोडून त्यांनी 'डेबियन' हा शब्द घडविला.

मर्डॉक यांनी जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला जाहीरनामा आजही वाचनीय आहे. वितरणे चांगली का निघत नाहीत, याचे त्यांनी दिलेले कारण साधे होते : हे काम सोपे नाही, त्यात मिरवण्यासारखे काही नाही, आणि ते एकदा करून संपत नाही, रोज त्याची निगा राखावी लागते. नवे काही निर्माण करण्यास माणसे धावून येतात; झालेले टिकविण्यास येत नाहीत. यावर त्यांनी सुचविलेला उपाय असा की, हे ओझे एकाच्या खांद्यावर न ठेवता पुष्कळांत वाटावे, आणि सर्व काम उघड्यावर, सर्वांदेखत व्हावे. विशीतल्या विद्यार्थ्यास देखभालीचे हे मर्म उमगले, याचे आम्हांस विशेष वाटते. कित्येक शासकीय योजना उद्‌घाटनाच्या कोनशिलेपाशीच कशा थांबतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांसही ते वाटेल.

या वाटपाची रीत अशी. प्रणालीचा प्रत्येक सुटा भाग म्हणजे एक पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेजचा एक जबाबदार सांभाळकर्ता. तो बहुधा त्या आज्ञावलीचा मूळ लेखक नसतो. मूळ लेखकाकडून ती घ्यावयाची, डेबियनच्या नियमांत बसवावयाची, वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकावयाच्या आणि दुरुस्त्या मूळ लेखकाकडे परत पाठवावयाच्या, हे त्याचे काम. जून १९९६ मध्ये निघालेल्या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती ८४८ झाली आणि सांभाळकर्त्यांची संख्या १२० होती. जुलै २००२ मध्ये पॅकेजे सुमारे ८,५०० आणि मंडळी ९०० हून अधिक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत पॅकेजांची संख्या ६९,८३० आहे. काम कसे वाढले आणि त्या मानाने माणसे कशी वाढली नाहीत, हेही या आकड्यांवरून ध्यानी यावे.

आवृत्त्यांच्या नावांची हकीकत गमतीची आहे. 'टॉय स्टोरी' या खेळण्यांच्या चित्रपटातील पात्रांची नावे आवृत्त्यांस देण्याची चाल पडली, कारण मर्डॉक यांच्यानंतर १९९६ साली धुरा घेणारे ब्रूस पेरेन्स तो चित्रपट काढणाऱ्या कंपनीत नोकरीस होते. नित्य घडामोडीच्या, मोडतोड होऊ शकणाऱ्या कच्च्या शाखेस 'सिड' हे नाव आहे; चित्रपटात सिड हा खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा आहे. नव्या वस्तू प्रथम या कच्च्या शाखेत येतात, तेथून ठरावीक कसोट्या उतरल्यावर चाचणी शाखेत, आणि सरतेशेवटी पक्क्या आवृत्तीत. आवृत्ती केव्हा निघणार, या प्रश्नास मंडळींचे ठरलेले उत्तर असे : तयार होईल तेव्हा. या सावधपणास कारणही घडले होते. डिसेंबर १९९५ मध्ये सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट तयार प्रतीवरच 'डेबियन १.०' असा शिक्का मारून ती बाजारात आणली. लोकांची फसगत होऊ नये म्हणून प्रकल्पाने तो क्रमांकच सोडून दिला आणि पहिली नाव धारण करणारी आवृत्ती १.१ या क्रमांकाने काढली.

जुलै १९९७ मध्ये डेबियनने 'सामाजिक करार' मंजूर केला. करार कोणाशी? प्रणाली वापरणाऱ्या, मोबदला न देणाऱ्या, अनोळखी लोकांशी. त्याची कलमे पाचच आहेत. प्रणाली सदैव मुक्त राहील. केलेल्या सुधारणा समाजास परत दिल्या जातील. दोष लपविले जाणार नाहीत. वापरणाऱ्यांचे हित आणि मुक्त आज्ञावली यांनाच अग्रक्रम राहील. आणि मुक्ततेच्या कसोटीस न उतरणाऱ्या वस्तू लोकांना लागत असल्यास त्या प्रणालीबाहेर, वेगळ्या ठेवल्या जातील. मुक्त कशास म्हणावे याचे निकषही करारासोबत दिले होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १९९८ मध्ये, 'ओपन सोर्स' हा शब्द प्रचारात आला, तेव्हा त्याची अधिकृत व्याख्या पेरेन्स यांनी याच निकषांवरून तयार केली. आज ज्यास आपण मुक्तस्रोत म्हणतो त्याची व्याख्या अशी एका स्वयंसेवी मंडळाच्या नियमांतून निघाली आहे.

त्यानंतर घटना आली. तिचा मसुदा इयन जॅक्सन यांचा. वर्षातून एकदा सभासद मतदानाने एक प्रकल्पप्रमुख निवडतात. परंतु प्रमुख कोणास हुकूम देऊ शकत नाही. तो कामे सोपवितो, तंटे मिटवितो, बाहेरच्या जगाशी बोलतो. तांत्रिक वाद सांभाळकर्त्यांत मिटला नाही तर तांत्रिक समितीकडे जातो. आणि समिती असो वा प्रमुख, त्यांचा निर्णय सर्व सभासदांचा ठराव फिरवू शकतो. मतदान पसंतीक्रमाने होते : प्रत्येक उमेदवाराची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून पाहतात, आणि ज्यास सर्वांविरुद्ध अधिक पसंती, तो विजयी. मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नको' हाही एक पर्याय असतो, आणि त्याहून खाली गेलेला उमेदवार निवडून येत नाही. २०१९ साली उमेदवारी अर्जांची मुदत संपली तेव्हा एकही अर्ज आलेला नव्हता. घटनेत त्याचीही तरतूद होती. मुदत वाढली, मग अर्ज आले आणि निवड झाली. आपल्याकडे अध्यक्षपदासाठी नावे पुढे येत नाहीत तेव्हा जी कुजबूज होते, तीस तेथे लेखी नियमाने उत्तर होते.

आता या कामात नवा माणूस शिरतो कसा, ते पाहू. दार फार खाली ठेवलेले आहे. कोणीही, सभासद नसतानाही, सापडलेला दोष कळवू शकतो. प्रत्येक तक्रारीस क्रमांक पडतो, ती सर्वांस वाचता येते, आणि तिच्यावर कोण काय बोलला हेही तेथेच राहते. तक्रारींच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : सर्व व्यवस्थेस धोका आणणाऱ्या दोषापासून नुसत्या इच्छेपर्यंत. पहिल्या तीन पायऱ्यांवरील दोष शिल्लक असेल तर ते पॅकेज पक्क्या आवृत्तीत जात नाही. आवक-जावक नोंदवह्या सांभाळत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांस या शिस्तीची ओळख पटते. फरक इतकाच की येथे नोंदवही साऱ्या जगास उघडी आहे. तक्रारीसोबत दुरुस्ती पाठविणाऱ्याचा मान अर्थातच अधिक.

सभासदत्व मात्र सहज मिळत नाही. १९९९ च्या सुमारास नव्यांचा लोंढा इतका वाढला की प्रवेश काही काळ बंदच ठेवावा लागला. २००० साली तो पुन्हा उघडला तेव्हा रीत बांधलेली होती. उमेदवाराने आधी काही काळ प्रत्यक्ष काम केलेले असावे आणि कोणा सभासदाने त्याची शिफारस करावी. मग त्याची ओळख पटविली जाते : जुन्या सभासदाने त्यास समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून, त्याच्या सांकेतिक किल्लीवर आपली सही केलेली असावी लागते. नंतर सामाजिक करार व कार्यपद्धती यांची समज आणि कामातील कौशल्य यांची परीक्षा होते. घाई करून चालत नाही. काहींस महिने, काहींस वर्षेही लागली आहेत. ज्यास पक्क्या सभासदत्वाचा अधिकार मिळतो त्याची वस्तू जगातील लाखो संगणकांवर विनाविलंब जाऊन बसते, हे लक्षात घेता ही कसोटी जाचक म्हणता येणार नाही. २०१० च्या ठरावाने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आज्ञावली न लिहिणारे, पण भाषांतर, लेखन, व्यवस्थापन करणारे लोकही पूर्ण सभासद होऊ शकतात आणि मत देऊ शकतात.

या भाषांतराच्या दारानेच मराठी आत आली, आणि ती हकीकत आपण जाणून घेतली पाहिजे. प्रणाली संगणकावर बसविताना जे प्रश्न विचारले जातात, ते पूर्वी केवळ अक्षरांच्या पडद्यावर दिसत. तो पडदा म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींचे कोष्टक. एका चौकटीत एक अक्षर. रोमन लिपीस ते सोयीचे. पण देवनागरीत 'किती' लिहिताना क आधी टंकित होतो आणि ऱ्हस्व वेलांटी मात्र त्याच्या आधी दिसावी लागते. जोडाक्षरे निरनिराळ्या रुंदीची होतात. आणि 'दऱ्या' व 'दर्या' यांतला भेद मराठी माणसास हवाच असतो. चौकटींच्या कोष्टकात हे मावत नाही. एप्रिल २००७ च्या आवृत्तीत चित्ररूप पडद्यावरून प्रणाली बसविण्याची सोय झाली. त्या वेळी उपलब्ध भाषा ५८ होत्या. १४ फेब्रुवारी २००९ रोजी पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा त्या ६३ झाल्या, आणि नव्याने आलेल्या पाच भाषांत अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी, सर्बियन यांच्या पंक्तीस मराठी होती. हिंदी, गुजराती, नेपाळी यांच्याप्रमाणे ती चित्ररूप पडद्यावरच निवडता येई.

मराठी त्या यादीत कोणा सरकारच्या आदेशाने आली नाही. कोणा कंपनीने बाजारपेठ मोजून ती घातली, असेही नाही. स्वयंसेवक भाषांतरकारांनी एकेक वाक्य मराठीत आणले म्हणून ती आली. उलट बाजूही तितकीच खरी आहे : भाषांतर अद्ययावत राहिले नाही तर ती भाषा यादीतून उतरविण्याची तेथे प्रथा आहे. भाषेचा मान तेथे तिच्या साहित्याच्या प्राचीनतेवर ठरत नाही, बोलणाऱ्यांच्या संख्येवरही नाही. या आवृत्तीची नवी वाक्ये कोणी वेळेवर भाषांतरित केली, इतकेच पाहिले जाते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकविणाऱ्या आपल्यास हा निकष ओळखीचा आहे. आपल्या गावांत मराठी शाळेची तुकडी टिकते वा मिटते ती याच निकषावर.

एवढे ऐकून हा सारा प्रकार आदर्श आहे असे कोणी समजेल, तर ते वास्तवास धरून होणार नाही. २००६ साली एका सांभाळकर्त्याने, गुप्त किल्ल्या निर्माण करणाऱ्या ओपनएसएसएल या पॅकेजातील दोन ओळी गाळल्या. दोष शोधणारे एक साधन त्या ओळींविषयी कुरकुर करीत होते, आणि गाळण्यापूर्वी त्याने मूळ लेखकांच्या मंडळींस विचारलेही होते. परंतु त्यांतील एका ओळीमुळेच किल्लीत अनिश्चितता येत असे. ती गेल्यावर दर प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२,७६८ नमुने उरले. चोरास ते सारे आधीच करून ठेवता यावेत. सुमारे दोन वर्षे हे कोणाच्याही ध्यानी आले नाही. अखेर डेबियनचेच एक सभासद, अर्जेंटिनाचे लुसियानो बेयो यांना ते आढळले, आणि १३ मे २००८ रोजी प्रकल्पाने स्वतः होऊन ते जगजाहीर केले. सोबत कमकुवत किल्ल्या ओळखण्याचे साधनही दिले. नामुष्की मोठी होती. पण सामाजिक कराराच्या तिसऱ्या कलमाची ती परीक्षा होती, आणि ती टळली नाही.

पैशाचाही प्रश्न आला. २००६ सालीच, पुढील आवृत्ती ठरल्या वेळी निघावी म्हणून आवृत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या दोघांस वर्गणीतून काही काळ मानधन द्यावे, असा प्रयोग काही सभासदांनी केला. हेतू चांगला होता. पण दोघांस मोबदला आणि बाकीच्यांस नाही, यामुळे कित्येकांचे मन उतरले, वाद झाले, आणि आवृत्ती डिसेंबर २००६ ऐवजी एप्रिल २००७ मध्येच निघाली. म्हणून तेथे कोणीच पैसे घेत नाही, असे समजू नये. पुष्कळ सभासदांना त्यांच्या नोकरीतच या कामासाठी वेळ मिळतो, आणि जुन्या आवृत्त्यांच्या दुरुस्तीसाठी कंपन्यांच्या वर्गणीतून मोबदला देण्याची व्यवस्था २०१४ पासून प्रकल्पाच्या बाहेर उभी आहे. पण कोणास पैसे द्यावे हे प्रकल्पाने स्वतः ठरविणे तेव्हापासून नाजूक मानले जाते.

२०१४ साली याहून मोठा तंटा झाला. संगणक सुरू होताना निरनिराळ्या सेवा कोणी जाग्या कराव्यात, यासाठी नवी पद्धत घ्यावी की जुनी ठेवावी, यावर तांत्रिक समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने नवी पद्धत आली. वर्षभर वाद धुमसला, समितीतील काही जण बाहेर पडले, आणि नोव्हेंबरमध्ये सर्व सभासदांच्या मतदानाने आणखी ठरावाची गरज नाही असा कौल दिला. ज्यांस हे मान्य नव्हते त्यांनी डेबियनचीच प्रत घेऊन देवुआन नावाचे वेगळे वितरण काढले. परवान्यानुसार तो त्यांचा हक्कच होता. आपल्या संस्था फुटतात तेव्हा दप्तर, इमारत आणि ठेवी कोणाच्या यावरून कज्जे चालतात. येथे दप्तराची प्रत प्रत्येकास आधीच दिलेली असल्याने न्यायालयाचा प्रश्न उरला नाही. दोन्ही घरे आपापल्या चुली मांडून चालत राहिली.

मग या कारभाराचा टिकाऊपणा कशात आहे? आमच्या मते तो उत्साहात नाही, निरोपाच्या रीतीत आहे. काम न करण्याची मुभा देणारे ते कलम येथे उलगडते. ज्यास काम सोडता येते, तो ते सोडल्याचे सांगतो. डेबियनमध्ये पॅकेज सोडावयाचे असेल तर सांभाळकर्ता ते 'अनाथ' म्हणून जाहीर करतो. ज्यास ते दत्तक घ्यावयाचे असेल तो तसे कळवितो. दोन्ही गोष्टींची यादी सर्वांसमोर असते. सोडण्यापूर्वी 'मला मदतनीस हवा' असेही जाहीर करता येते. कोणी न सांगताच दिसेनासा झाला तर त्याची चौकशी करणारी मंडळी वेगळी आहेत. तातडीचा दोष असेल आणि सांभाळकर्ता उत्तर देत नसेल, तर दुसरा सभासद पूर्वसूचना देऊन दुरुस्ती करू शकतो. आणि निवृत्त होणाऱ्यास मानाने निवृत्त होता येते. इच्छा झाली तर परत येण्याची वाटही मोकळी राहते. संस्थापक मर्डॉक १९९६ सालीच प्रमुखपदावरून दूर झाले. २८ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रकल्पाने जून २०१७ ची आवृत्ती त्यांस अर्पण केली. त्यांच्या जाण्याने काम एक दिवसही अडले नाही, हीच त्यांच्या जाहीरनाम्यास खरी पावती म्हणावी लागेल.

ही रीत जेथे नसते तेथे काय होते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड नावाचे, दस्तऐवज दाबून लहान करणारे एक छोटे साधन आहे. ते डेबियनचे स्वतःचे नाही, पण डेबियनसह बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत लागते. वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक ते एकहाती, विनावेतन सांभाळीत होता. २०२१ पासून जिया तान हे नाव धारण करणारी कोणी व्यक्ती उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागली. दुसऱ्या बाजूने काही अनोळखी नावे, कामास उशीर का होतो, दुसऱ्याकडे का सोपवीत नाही, असा तगादा लावू लागली. थकलेल्या माणसाने हळूहळू मदतनिसास अधिकार दिले. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून झाल्यावर, २०२४ च्या फेब्रुवारीत, त्या मदतनिसाने साधनात चोरदरवाजा बसविला. दुरून संगणकात शिरण्याची वाट त्यातून उघडणार होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या कच्च्या शाखेच्या डेबियन संगणकावर प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडला नाही. मागोवा घेत ते मुळाशी पोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी सर्वांस सावध केले. बाधित आवृत्ती डेबियनच्या कच्च्या आणि चाचणी शाखेपर्यंत आली होती. पक्क्या आवृत्तीत शिरली नव्हती.

या प्रकरणात दोषी तो कारस्थानी, यात शंका नाही. पण त्यास फट सापडली ती एकट्या माणसाच्या थकव्यात. लाखो लोक ज्याच्या श्रमावर विसंबून होते त्यास विचारावयास इतक्या वर्षांत आली ती तगादा लावणारी माणसे. मदतीचा हात पुढे केला तो चोराने. याउलट संकट टळले ते दोन गोष्टींमुळे : मूळ संहिता उघडी असल्याने कोणाही परक्यास मागोवा घेता आला, आणि पक्के करण्यापूर्वी थांबण्याची जुनी, कंटाळवाणी शिस्त पाळली गेली होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे वार्षिक संमेलन प्रथमच भारतात, केरळातील कोची येथे भरले. आपल्या घरांतील कित्येक मुले आता याच विद्येत वावरतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, आरंभ करण्यास मोठी आज्ञावली लिहावी लागत नाही. एक दोष नीट वर्णन करून कळविणे, एक तुटलेले मराठी वाक्य सुधारणे, अनाथांच्या यादीतील एखादे छोटे पॅकेज दत्तक घेणे, हाही प्रवेशच आहे. आणि मराठी वाक्य सुधारण्यास तर आमच्या वयाच्या मंडळींसही आडकाठी नाही. शुद्धलेखन आणि शब्दांची पारख या दोन गोष्टी आपल्यापाशी अजून शिल्लक आहेत.

आपल्या मंडळांपुरते पाहावयाचे तर सूचना आणखी साधी आहे. पुष्कळ ठिकाणी वाचनालयाची नोंदवही, बँकेची कागदपत्रे, जुन्या अंकांची कपाटे आणि वर्गणीदारांची यादी एकाच गृहस्थाच्या किंवा एकाच बाईंच्या हाती वीस-पंचवीस वर्षे असते. ती व्यक्ती आजारी पडली की मगच कळते, की किल्ली कोठे आहे हे दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर अहवाल आणि हिशेब यांच्या जोडीला एक विषय अवश्य घ्यावा : मंडळाची कोणती कामे आज एकेकट्या व्यक्तीवर आहेत, त्यांची यादी वाचून दाखविणे, आणि प्रत्येक कामापुढे दुसरे एक नाव लिहून घेणे.